दोन कारखान्यांचा दाखला

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासमतोल. सगळं तोंडपाठ. त्यामुळे घरातही जगाचा जाणकार मीच. पेट्रोल महागलं की पेठ वडगावातून आक्काचा फोन येणार, "कुठं काय झालंय रे?" आणि मी अर्धा तास सांगणार. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

रशियाचं सैन्य युक्रेनच्या सीमेवर जमलं तेव्हा एका व्याख्यानमालेत मला बोलावलं. विषय होता, युद्ध होईल का? मी ठणकावून सांगितलं, होणार नाही. म्हटलं, आपल्याकडे दोन साखर कारखाने उसासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. तोडणीच्या टोळ्या पळवतात, सभेत खुर्च्या फेकतात. पण कुणी कुणाचा बॉयलर फोडतं का? नाही, कारण त्यात दोघंही बुडतात. देशांचंही तसंच असतं. सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटोसकट बातमी आली. ती मी स्टेटसला ठेवली आणि दाजींनी, म्हणजे आक्काच्या मालकांनी, ती गावभर फिरवली.

आक्काची थोरली मुलगी तेव्हा युक्रेनमध्येच होती, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. आठवडाही उलटला नसेल, तिचा मेसेज आला. दूतावासाची सूचना होती: राहणं गरजेचं नसेल तर विद्यार्थ्यांनी तूर्त देश सोडण्याचा विचार करावा. खाली तिनं लिहिलं होतं, "मामा, कॉलेज हजेरी कापतो म्हणतंय. पण तू ये म्हण, मी लगेच येते."

पाठोपाठ दाजींचा फोन. "पावणं, तुम्हीच बोला तिच्यासंगं. आमाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हनशीला तसं."

त्या क्षणी पोरगी डोळ्यांसमोर यायला हवी होती. आली ती पेपरातली बातमी. युद्ध होणार नाही म्हणणाऱ्याचीच भाची पहिल्या विमानानं पळून आली, असं म्हणून कुणीतरी हसेल, हे मनात आलं. ती सूचना मी पूर्ण वाचली होती, दोनदा वाचली होती. तरी लिहिलं, "घाबरू नकोस. हा नुसता दबावाचा खेळ आहे. परीक्षा देऊनच ये." मग दाजींना फोन लावून म्हटलं, "बोललोय तिच्याशी. बघते म्हणाली." म्हणजे उद्या काही झालंच तर माझं बोट कुठंच दिसू नये, एवढी हुशारी तेव्हाही शाबूत होती. आज लिहितानाही माझी मलाच शिसारी येते.

आणि मग एका सकाळी युद्ध सुरू झालं. तिचा मेसेज आला तो हॉस्टेलच्या तळघरातून. "मामा, फोडला की रे बॉयलर." बस, एवढंच. तिनं माझं व्याख्यान तिकडं बसून मोबाइलवर ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतरचे दिवस आक्कानं टीव्हीसमोर काढले. तिकडं अडकलेली पोरं बिस्किटांवर राहिली, उभ्यानं रेल्वेतून गेली, सीमेपर्यंत बर्फातून चालली. मी रोज क्लासला जात होतो. पोरं म्हणायची, "सर, आता कुठली थिअरी लावायची?" मी लावून दाखवायचो. युद्ध झाल्यावर सगळ्याच थिअऱ्या बरोबर लागतात.

ती सुखरूप आली. तिच्या जेवणाला सगळे पाहुणे जमले होते. पंगतीतच दाजी तिच्यावर कडाडले, "मामा ये ये म्हनत हुता, तर हजेरी हजेरी करत बसलीस! शिकल्याली मानसं सांगत्यात ते ऐकायला नको व्हय?"

मला काही उमजेना. मग लक्षात आलं, तिनं घरी तसंच सांगितलं होतं. मामा ये म्हणाला, मीच हट्ट केला. तिच्या पायांच्या बोटांना अजून पट्ट्या होत्या आणि ती मान खाली घालून माझ्या वाटची बोलणी खात होती. तोंड उघडायला तेवढी एकच वेळ होती. मी रश्श्यात भाकरी कुस्करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी एकटी गाठून विचारलं, असं का केलंस? म्हणाली, "आई तुझ्याशी जन्मात बोलली नसती, मामा."

पुढचं शिक्षण तिनं दुसऱ्या देशात पुरं केलं. आता घरी राहून इथं प्रॅक्टिस करायच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. आणि धाकटीला डॉक्टरकीसाठी परदेशी जायचंय. देश ठरलाय, पण त्याच्या शेजारच्या देशाशी कुरबुरी चालू आहेत. म्हणून गेल्या रविवारी दाजींनी मला जेवायला बोलावलं.

"पावणं, तिकडचं वातावरन कसं हाय? तुम्ही म्हनशीला तसं करायचं," दाजी म्हणाले, आणि धाकटीकडं वळून, "मामाचं ऐकायचं बरं का. तुझ्या ताईगत करायचं न्हाय."

थोरली वाढत होती. तिचा हात मध्येच थांबला. मी म्हटलं, "अभ्यास करून सांगतो." आक्का समाधानानं हसली.

निघताना थोरली फाटकापर्यंत आली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं.

"मामा," ती म्हणाली, "हिच्या वेळंला खरं सांग. मला दुसऱ्यांदा खोटं बोलायला जमायचं न्हाय."

मी मान डोलावली. आत आक्का भांडी आवरत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. आत जाऊन सगळं सांगायला दहा पावलं पुरली असती. मी गाडी चालू केली. संध्याकाळची बॅच होती.