मामांच्या घरची लाईट

चारचौघांत माझी मान खाली घालायला लावण्याची माझ्या सासऱ्यांइतकी, म्हणजे मामांइतकी हातोटी अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाकडं निघाली, तर मी नांदेड सोडून जाईन. माणूस तसा गुणाचा. लातूरला क्लासेसची लाट आली तेव्हा मामांनी घराच्या पुढच्या खोल्यांत पोरांसाठी अभ्यासिका काढली, तिच्यापुरता इन्व्हर्टर बसवला आणि तिथून माझे भोग सुरू झाले. त्र्याण्णवच्या भूकंपापासून न सांगता होणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मुलगी बघायला आम्ही आधी कळवून गेलो म्हणूनच मला त्यांची पोरगी मिळाली. "संकट सांगून येत न्हाई म्हणत्यात. का येत न्हाई? त्याला सांगायला लावायचं!" असं म्हणून त्यांनी इन्व्हर्टरला सिमकार्डाची डबी जोडली. लाईट गेली की डबी आपणहून फोन लावायची आणि तिच्यात भरून ठेवलेला मामांचा आवाज खणखणायचा, "लाईट गेली! बॅटऱ्या उतरायल्यात! जित्ते हाव का समदे?"

फोन कुणाला? मला, नांदेडला; तोही आपोआप उचलला जाऊन स्पीकरवर लागेल अशी सोय मामांनी माझ्या फोनात करून घेतली होती. "अहो मामा, घरात तुम्ही आहात, मी इथून काय करू?" तर म्हणे, "इथं समदेच गाडले गेले तर? खबर लांबच्या मानसाला पायजे, जावईबापू. तुम्ही उलट फोन लावायचा." मग मी मुकाट्यानं लावायचो. "मामा, लाईट गेली." "ठाऊक हाय की, अंधारातच बसलोय!" आणि फोन खाली. लातूरची लाईट काय थोडी जाते! स्टाफरूममध्ये, प्राचार्यांसमोर, सगळीकडं मामा ओरडायचे. एकदा तर शोकसभेत सगळे माना खाली घालून उभे असताना माझ्या खिशातून आवाज आला, "जित्ते हाव का समदे?" धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण आमच्या भागात असं म्हणायचीही चोरी. डबी बंद करा म्हणून मी हात जोडले. ऐकतील तर मामा कसले!

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा हा माणूस लाजून आतल्या खोलीत बसू लागला. मी भेटायला गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

परवा वर्गात शिकवत असताना डबीचा फोन आला, मामांचा तोच जुना खणखणीत आवाज. संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वैतागून बायकोनं तिच्या आईला विचारलं. "लाईट कुठं गेली बाई? लाईट हाय की. तुझे बाबाच इन्व्हर्टरची पिन काढून उभे व्हते. मी बघितलं तर चोरी धरल्यावानी खाली बघायलेत."

मी रिवाजाप्रमाणं फोन लावला. "मामा, लाईट गेली." पलीकडं नुसता श्वास, मग फोनवर नखाची टकटक. इतक्या वर्षांत या माणसाशी फोनवर याउपर मी कधी बोललोच नव्हतो, याची लाज वाटली. शेवटी म्हटलं, "अर्धापूरची केळी यंदा लई गोड आहेत. रविवारी घेऊन येतो." टकटक.

आता स्टाफरूममध्ये डबीचा फोन आला की मी आवाज कमी करत नाही. "कोण ओरडतंय हो?" नवे सर विचारतात.

"माझे सासरे," मी सांगतो, आणि त्यांना शेवटपर्यंत बोलू देतो.