काटोलची संत्री निघाली परदेशी

संत्री फार दिवस टिकत नाहीत, किस्से मात्र कोल्ड स्टोरेजशिवाय टिकतात! धरमपेठेतल्या आमच्या संत्रा-एक्सपोर्टच्या ऑफिसात पंधरा वर्षं कागदपत्रं सांभाळता सांभाळता माझ्याकडे या मालाचा चांगलाच साठा झालाय. त्यातला निम्मा नामदेवरावांचा.

नामदेवराव काटोलचे. घरची बाग बायकोवर सोपवून रोज बसने येतात आणि फळ नुसतं हातात घेऊन सांगतात, हे परदेशी जाईल, हे इथंच राहील. आमचे साहेब अर्थशास्त्र शिकून आलेले. दोघांचं छान जमतं, कारण एकमेकांचं बोलणं फारसं कळत नाही!

*

एकदा दुबईचा व्यापारी आला. हॉटेलात नाश्त्याला साहेबांनी मुद्दाम आपल्याकडची संत्री मागवली. प्लेट आली, तर प्रत्येक फळावर परदेशी स्टिकर!

साहेब लालबुंद. मॅनेजर म्हणाला, "सर, पाहुणे मोठे आहेत असं तुम्हीच सांगितलं ना? मग गावठी कशी देणार?"

तेवढ्यात पाहुण्यांनी एक फोड तोंडात टाकली. "बढिया! बस, यही माल भेजो!"

*

लंडनच्या खरेदीदार बाईंचा व्हिडिओ कॉल. तक्रार एकच: संत्र्यात बिया फार!

मी मराठीत सांगितल्यावर नामदेवराव उसळले. "त्यायले सांगा, बी हाय म्हणून अस्सल हाय! बिनबियाचं तर प्लास्टिकचंबी रायते!"

साहेब गोड हसून बाईंना म्हणाले, "ही सेज सॉरी."

नेमकं तेवढं इंग्रजी नामदेवरावांना येतं! "सॉरी कोन म्हनलं बाप्पा?"

*

याच बाईंचा पुढे मेल आला. सगळी फळं एकाच मापाची हवीत.

नामदेवराव म्हणाले, "म्याडम, लिहा त्यायले. तुमच्या देशातले मानसं एका मापाचे झाले की कळवा!"

मी लिहिलं, "वी विल ट्राय."

*

मग शेजारच्या देशानं आयात-ड्यूटी वाढवली. आमचा बहुतेक माल तिकडेच जायचा. गाड्या थांबल्या, पॅकिंगचा हॉल ओस पडला. नामदेवराव दोन दिवस रिकाम्या क्रेटवर बसून राहिले. तिसऱ्या दिवसापासून यायचेच बंद! आठवड्यानं निरोप आला, "आता मी बागच पायतो."

साहेब हादरले. असा हात पुन्हा कुठे मिळणार? आम्ही दोघं काटोलला गेलो.

नामदेवराव झाडाखाली मान खाली घालून बसले होते. "माल जाऊनच नाही राहिला, तर मी निवडू कोनासाठी?"

"दुसरा देश शोधतोय ना मी!" साहेब कळवळून म्हणाले. "ज्याला जे जमतं ते त्यानं करावं, बाकीचं दुसऱ्यावर सोडावं. देशांचं तेच, घरांचंही तेच. तुम्ही फळ निवडा, बाग वहिनी बघतील."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पन साहेब, फळबी मीच यायच्याहून बरं निवडते."

साहेब एकदम खुलले. "हीच तर गंमत, वहिनी! दोन्ही कामांत तुम्ही सरस असलात, तरी ज्या कामात ते कमी मागे आहेत, ते काम त्यांना द्यायचं!"

वहिनींनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग इतके दिवस त्यांच्या हाती असलेल्या बागेकडे पाहिलं.

"मंग आत्ताच घेऊन जा जी यायले!"

आमचा चहा संपेपर्यंत नामदेवराव गाडीत जाऊन बसले होते.