ठमाबाईचं उंच शेत

ठमाबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. डोंबिवलीच्या खाडीकाठी मिठागराचा चिखल तुडवून तिच्या टाचा दगड झाल्या होत्या. पाहुणा गोड बोलला की ती आधी त्याच्या हाताकडे बघायची.

अठराशे ऐंशीच्या सुमाराला त्र्यंबकराव हे सरकारी मोजणीदार दुर्बीण घेऊन आले. त्यांचा शिपाई शेतोशेती एकेका कोपऱ्यात खुंट्या ठोकून गेला. तिथं तो आकड्यांची पट्टी उभी धरणार, राव लांबून बघून जमिनीचा उंचसखलपणा नकाशात उतरवणार.

"ह्ये कशापायी वो?" ठमाबाईनं विचारलं.

"खाडीचं पाणी कुठवर शिरतं ते कळायला," म्हणून राव शेजारच्या गावाकडे निघून गेले.

झालं! बाईच्या डोक्यात किडा वळवळला. भरती लागते ती जमीन सरकारची, असं तिनं ऐकलेलं. आणि तिचं एकुलतं एक भातशेत तर सगळ्यांत सखल, खचलेल्या जुन्या बांधाआड कसंबसं तग धरून होतं.

"मेला आपली जमीन गिलायला आलाय!" ती नवऱ्याला, विश्रामला म्हणाली.

राव परत येईस्तोवर दोघांनी आपल्या शेतातला खुंटीचा कोपरा चिखलानं भरून उंच केला, मिठागराचा तळ करतात तसा तुडवून तुडवून सपाट केला, वर खुंटी रोवली. उन्हानं तो असा वाळला, की जन्मापासून तिथंच असावा.

रावांनी मान वाकडी करून पाहिलं. "ही माती नवी दिसते."

"आजेसासऱ्याच्या येलची हाय! आमचे शेतान पानी येत नाय," ठमाबाई म्हणाली.

रावांनी पट्टीवरचा आकडा लिहून घेतला.

वर्षभरानं नव्या बांधाचं काम सुरू झालं. खाडी अडवून शेतं वाचवायची, त्यासाठीच होता म्हणे तो नकाशा! बांध सखल शेतांना कवेत घेत आला आणि ठमाबाईच्या शेताला वळसा घालून गेला. उंच जमिनीला बांध कशाला?

ठमाबाई बांधाच्या कामावर आलेल्या रावांकडे धावली, रडली, सगळं कबूल केलं. राव ऐकेनात, तेव्हा त्यांच्यादेखत कुदळ घेऊन कोपरा फोडू लागली.

"वा गं वा!" राव कडाडले. "आता बांध हवा म्हणून शेत खोल करतेस होय? मी काय दुधखुळा आहे?"

पुढच्या उधाणाला जुना बांध फुटला. शेतात कमरेएवढं पाणी भरलं. अर्धवट फोडलेला तो कोपरा तेवढा कोरडा होता, आणि ठमाबाई त्याच्यावर बसून होती.