गोव्याचा परवाना आणि आंबेमोहोराची पेज

परवा आमच्या घरी नातवाची बॅग भरणं चाललं होतं. कंपनीच्या कामाला तो अशा देशात निघालाय, जिथं आपलं कार्ड चालत नाही आणि परवान्याशिवाय गाव ओलांडता येत नाही.

मी म्हटलं, रोख पैसे तीन ठिकाणी ठेव. नाक्यावर विचारलं तर खरा आकडा सांग. रस्त्यावरच्या माणसाकडून पैसे बदलू नकोस... "आजी, तू गं कधी गेलीस परदेशात?" सगळे हसले.

गेले होते की. गोव्याला! मला अक्षर येत नाही, सांगतेय मी आणि टाईप करतेय नात. तिचं हसून झालं असेल तर पुढं सांगते...

तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. मेहुणे तिकडं खाणीवर कामाला, म्हणून माझी थोरली बहीणही तिकडंच. ती बाळंत झाली, पण अन्न पोटात ठरेना, अंगावर दूध येईना. आपल्याकडच्या आंबेमोहोराची पेज मागतेय, असा निरोप आला.

आजाऱ्याला भेटायचं म्हणून आम्हा नवराबायकोला परवाना मिळाला. ह्यांनी पैसे टोपीत, पिशवीत आणि माझ्या कनवटीला वाटून ठेवले. पैशाची एवढी अक्कल, पण तिकडं धान्य न्यायला बंदी आहे का, हे काही कुणाला विचारलं नाही!

सरहद्दीवर आपल्याच पोलिसानं तांदळाची पिशवी काढून घेतली. मी रडकुंडीला आले. मग त्यानं माझ्या ओच्याकडं बोट केलं.

"ह्यात काय हाय?"

"ओटी. निघताना आईनं भरलीया."

"म्हंजी तांदूळच की."

"मग ओटीत काय खडे भरत्यात व्हय, दादा? काढायची आसंल तर तुमच्या हातानं काढा."

बिचाऱ्यानं बोट मागं घेतलं. "जावा बाई..."

खरं तर ओटीचे तांदूळ दुसऱ्याला देत नाहीत, आपल्याच घरी शिजवतात. आईनं माझ्या संसारासाठी भरलेली ओटी ती, घरच्याच आंबेमोहोराची. तरी पोचल्या पोचल्या चूल पेटवली. मूठ-दोन मूठ करत ते तांदूळ पुरवले. बहिणीच्या पोटात पेज ठरली, आणि हळूहळू पोराला दूध मिळायला लागलं.

त्या पोलिसदादाचं नावसुद्धा विचारलं नाही मी. त्यानं नियमाकडं काणाडोळा केला, मी रीतीकडं... आणि ते पोर आज नातवंडं खेळवतंय.