खड्यांना तेलाचा हात

आईला यापुढे एकटीला राहू द्यायचं की नाही, हा प्रश्न मी प्लास्टिकच्या खड्यांवर सोडवायला निघाले होते. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा ते फार शास्त्रीय वगैरे वाटलं होतं.

झालं असं की फेब्रुवारीत ती दोनदा गॅसवर दूध ठेवून भाजी आणायला खाली गेली. दुसऱ्यांदा पातेलं जळून धूर जिन्यात आला. शेजारच्यांकडे किल्ली होती म्हणून निभावलं. माझा भाऊ बंगळूरला असतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, आता पुरे. तिला तुझ्याकडे वाघोलीला ने. बिबवेवाडीची जागा बंद करू." आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "वाघोलीत मला ओळखतं कोण? तुमचा वॉचमन?" आणि पुढे दोन दिवस माझा फोन उचलला नाही. चाळीस वर्षं ती त्याच दोन खोल्यांत राहिली आहे. वाण्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे तिला नावानं नाही, आवाजानं ओळखतात. तिथून ती हलणार नव्हती, आणि तिथं तिला ठेवायची आमची छाती होत नव्हती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "या वयात थोडं विसरणं आलंच. पण ते किती आहे ते बघायला हवं. टप्प्याटप्प्यानं करायचं एखादं काम द्या. पायऱ्या चुकतात का, मध्येच सोडून देतात का, लक्ष ठेवा. दोन महिन्यांनी भेटा."

मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मला 'लक्ष ठेवा' म्हणणं म्हणजे आधीच चोंबड्या माणसाला दार उघडून देणं. आमच्याकडे प्रॅक्टिकलला येणारी एक मुलगी हॉस्टेलवर डायमंड पेंटिंग करायची. तिच्याकडून ऐकलं आणि त्याच दिवशी एक संच मागवला. पेरूच्या फांदीवर दोन पोपट. चित्र आधीच छापलेलं, त्यावर बारीक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक खूण. कॅनव्हासला डिंकासारखा चिकट थर आणि वर झाकायला पातळ कागद. खूण पाहायची, त्या आकड्याच्या पुडीतला खडा घ्यायचा, पेनाचं टोक गुलाबी मेणात बुडवून त्यानं तो उचलायचा आणि चौकोनात बसवायचा. पायऱ्याच पायऱ्या. डॉक्टरांनी मागितलं होतं तेच.

आईनं संच उलटापालटा करून पाहिला. "हे चित्र काढलंय आधीच."

"हो. आपण फक्त खडे भरायचे."

"म्हणजे स्वयंपाक त्यांनी केला, मी नुसतं वाढायचं," ती म्हणाली. पण पुड्या मात्र तिनं स्वतःकडे ओढून घेतल्या.

मी दर शनिवारी जायची. वाघोलीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस. पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं, ती पोपटाची चोच तरी भरून ठेवेल. तिनं कॅनव्हासला हातही लावला नव्हता. आठवडाभर ती खडे निवडत बसली होती. एकेक पुडी स्टीलच्या ताटात ओतायची, ताट मांडीवर घ्यायचं आणि बोटानं खडे एका कडेकडून दुसरीकडे सरकवायचे. वाटीत चिमूटभर टाकाऊ खडे बाजूला काढलेले. आयुष्यभर तांदळातले खडे काढून फेकणाऱ्या बाईला आता खड्यांतले खडे काढताना पाहून मला मोठी गंमत वाटली, आणि थोडी काळजीही. चित्र भरायचं सोडून ही निवडतच बसली, म्हणजे पायरी चुकली का? मी तशी नोंद केली.

पण त्या वाटीनं मला स्वस्थ बसू दिलं नाही. तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्म्याशिवाय पेपरातला मथळा धड दिसत नाही. मग ही काढते तरी काय? मी ती चिमूट कागदात बांधून कॉलेजात नेली आणि दुपारी शेजारच्या जीवशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तीन मिलिमीटरसुद्धा नसलेला तो चौकोन किती घडवलेला असतो, ते तेव्हा पाहिलं. वर सपाट माथा, त्याभोवती उतरते पैलू, तेरा मोजले मी. आणि आईनं काढलेल्या प्रत्येक खड्यात काही ना काही होतं. एकाचा कोपरा उडालेला, एकाच्या कडेला प्लास्टिकची शेपटी, दोन एकमेकांना जोडलेले. चांगला खडा चुकून आलेला मला एकही सापडला नाही. पुढच्या शनिवारी विचारलं, तर म्हणाली, "दिसत कुठं काय? बोटाला कळतं."

मग साठवण. पुड्या तिला पसंत नव्हत्या. "एकदा फाडली की घर भरून खडे." तिनं माळ्यावरून संक्रांतीच्या वाणातल्या डब्या काढायला लावल्या. हळदीकुंकवाच्या, करंड्यासारख्या, गोल झाकणाच्या, कुठल्या कुठल्या वर्षी कुणाकुणाकडून मिळालेल्या. त्या धुऊन, उन्हात वाळवून, प्रत्येकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून आकडा लिहिला. आकड्याखाली स्वतःचं नाव. चित्रात हिरवेच आठ प्रकार होते. मला त्यातले चार सारखेच दिसायचे. तिच्या डब्यांवर लिहिलेलं होतं: गवार, तोंडलं, कारलं, दोडका, मेथी जून, मेथी कोवळी. आणि खरंच, एकदा ती नावं वाचली की रंग वेगळे दिसायला लागत.

इथं मी एक लबाडी केली. ती आत चहा टाकत असताना गवार आणि कारल्याची झाकणं बदलून ठेवली. आठवड्यानं गेले तर झाकणं जागच्या जागी होती आणि ती एक अक्षर बोलली नव्हती. मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी दिले. बसमध्ये बसल्यावर मात्र स्वतःची थोडी लाजही वाटली.

एप्रिल उजाडला आणि हवा कोरडी ठक्क झाली. खडे उडायला लागले. डबी उघडली की निम्मे झाकणाला चिकटलेले, चिमटीत धरायला गेलं की टुणकन उडी मारून तिच्या नायलॉनच्या गाऊनवर. मी तिला स्थिर विजेबद्दल सांगितलं. प्लास्टिक प्लास्टिकवर घासतं, वीज साठते, हवेत ओल नसली की ती निघून जात नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "कारण कळलं. उपाय?" मी म्हणाले, पुढच्या वेळी शोधून येते. आणि परीक्षेच्या गडबडीत विसरून गेले. विसरले मी, याची नोंद मात्र कुठं केली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दार मी माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. ती घरात नव्हती. टेबलावर कॅनव्हास पसरलेला, एक पोपट जवळजवळ पूर्ण झालेला, शेजारी डब्यांची रांग. ती येईपर्यंत आपणही हात लावावा म्हणून मी तोंडल्याची डबी उघडली आणि दुसऱ्या पोपटाच्या पंखावर एक ओळ लावली. दुसरी लावेपर्यंत पहिली तिरकी झाली. बोटानं दाबली तर खडे जागचे सरकले. एक निघून माझ्या बोटाबरोबर आला. मी तो चोळून पाहिला, वास घेतला. एरंडेल.

बाकीच्या डब्या उघडल्या. बाराच्या बारा. सगळ्या खड्यांना एरंडेल तेल चोळलेलं, अगदी तुरीच्या डाळीला चोळतात तसं.

उन्हाळ्यात आमच्या इमारतीतल्या बायका वर्षाची डाळ गच्चीवर वाळवायच्या आणि तेलाचा हात लावून पत्र्याच्या डब्यात भरायच्या. कीड लागू नये म्हणून. आई त्यात पुढे असायची. आता तिला डाळ आणि प्लास्टिक यांतला फरक कळेनासा झाला, असंच मला वाटलं. मी खुर्चीत बसून रडले. मग भावाला फोन लावला.

"आईनं खड्यांना एरंडेल लावलंय. कीड लागू नये म्हणून बहुतेक."

तो म्हणाला, "ताई, आता बघायचं काय उरलं? महिनाअखेर मी येतो. सामान हलवू."

"हो," मी म्हणाले. "ये तू. तिचं डोकं नाही राहिलेलं ठिकाणावर."

हे म्हणताना मी दाराकडे पाठ करून उभी होते. वळले तर आई उंबऱ्यात, हातात कापडी पिशवी, चपला अजून पायात. तिनं चपला काढल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि त्या दोन तिरक्या ओळींकडे पाहिलं.

"न धुता लावलेस?" तिनं विचारलं.

"काय धुवायचं?"

"अगं, तेल साठवायला असतं. डाळ शिजवायच्या आधी धुतेस की तशीच कुकरला लावतेस तू?" तिनं पिशवी उलटी केली. आतून रिठे घरंगळले. "हे आणायला गेले होते. साबणानं चकाकी जाते म्हणून. दागिने आपण रिठ्यानंच धुतो ना. लागतील तेवढेच काढायचे, धुवायचे, मलमलीवर वाळवायचे, मग लावायचे. डबीतले उडू नयेत म्हणून तेल. तू उपाय शोधून आणणार होतीस, आणलास?"

तिनं कारल्याची डबी माझ्यापुढे धरून झाकण उघडलं. एकही खडा झाकणाला नव्हता. हलवलं, तरी सगळे तळाशी मुकाट. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढून मला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तर मी त्याला मोठं नाव दिलं असतं.

आम्ही रिठे फोडून पाण्यात उकळले. पाणी निवल्यावर चहाच्या गाळण्यात चमचाभर खडे धुतले आणि मलमलीवर पसरून पंख्याखाली ठेवले. ते वाळेपर्यंत आई माझ्या दोन ओळी पेनानं एकेक करून उचकटत होती. कॅनव्हासचा तेलकट झालेला भाग तिनं कापसानं टिपून घेतला. मग मी एक वाळलेला खडा लावला. घट्ट बसला.

मी फोन उचलला. "त्याला सांगते. माझीच चूक झाली."

"ठेव तो," ती म्हणाली. "झाकणं तूच बदलली होतीस ना? गवारीची आणि कारल्याची?"

मला मान खाली घालावी लागली. "डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"मग विचारायचं सरळ. मी काय परकी आहे? मी आपली तुझी झाकणं पुन्हा लावत बसले, आणि तू हिंडतेयस लेखणी घेऊन." ती हसली नाही. पेन खाली ठेवलं आणि मलमलीवरचे खडे बोटानं पसरत राहिली. "निवडणं, पाखडणं, तेल लावणं, हे माझ्या हातातून जायचं नाही. शेवटपर्यंत राहील बघ. त्यात मी नापास होणार नाही."

"मग तू इथंच राहा," मी म्हणाले. खरंच सुटल्यासारखं वाटत होतं मला. "मी समजावते त्याला."

"आधी ऐक. बुधवारी मी दोन कप चहा केला. तू बाहेर बसली आहेस, असं मला पक्कं वाटत होतं. आतूनच बोलत होते तुझ्याशी, बराच वेळ. कुठल्या डबीत किती उरलेत ते सांगत होते. तुझा कप घेऊन बाहेर आले तर खुर्चीवर कुणी नाही. तरी मी हाका मारल्या गं. जिन्यात जाऊन हाका मारल्या. शेजारच्या म्हणाल्या, अहो, आज बुधवार, लेक शनिवारी येते ना तुमची." तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझं काय करायचं ते ठरवायचं असेल, तर यावरून ठरवा. तेलावरून नको."