क्लेअरला मामा मिळाला

विंडसरचा माझा भाऊ जयदीप कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा कट्टर भक्त. माझ्या गौरांगीचं तिच्या मैत्रिणीशी, क्लेअरशी लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, "ताई, मी मामा म्हणून उभा राहणार नाही. आमचे खासदारसाहेब असल्या लग्नांच्या विरोधात आहेत."

मामाशिवाय मुलीला अंतरपाटापाशी कोण नेणार? मी गणपतीला साकडं घातलं आणि साहेबांनाही बोलावलं. निवडणूक तोंडावर होती, साहेब कुर्ता घालून हजर! क्लेअरला मामा नव्हता, म्हणून गुरुजींनी त्यांनाच पुढे केलं. ते हसत तिला घेऊन निघाले.

'फक्त जेवायला' आलेला जयदीप ताडकन उठला. "साहेबांचं मत कधी बदललं गं?"

"त्यांनाच विचार नंतर. मुहूर्त टळतोय."

त्याने धावत जाऊन गौरांगीचा हात धरला.