बिनझाकणाचे डबे

कारखान्यातलं जुनं मशीन बंद केलं त्या दिवशी आत्या त्याला मिठी मारून रडली, अशी बोलवा आहे. सांगणारे तर हुंदकेसुद्धा मोजून सांगतात. साफ खोटं. ती प्लगासमोर ठाण मांडून उभी होती, आणि रडत नव्हती, भांडत होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सत्तावीस वर्षं तिचं एकच काम: मशीनमधून हव्या त्या नोंदी निवडायच्या, एका फाइलीची दुसरीशी जोड लावायची आणि रिपोर्ट काढायचा. मशीन म्हणजे कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर, त्याची खोली थंडगार. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घेऊन निघाली की शेजारीण विचारायची, "बरं नाही का हो?" काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली.

जोड म्हणजे काय ते तिनं मला स्वयंपाकघरात शिकवलं. डबे ही पहिली फाइल, झाकणं दुसरी. जोड कुठली हवी ते मशीन विचारतं, आपण आकडा टाकायचा. एक टाकलं की झाकण असलेले डबे तेवढे येतात. तीन टाकलं की फक्त बिनझाकणाचे. "लोक एक टाकतात नि खूश होतात," ती नाकातून म्हणायची. "अरे, तीन टाकाऽऽ!" ही माझी सगळ्यात गाजलेली नक्कल. बाबांना हमखास ठसका लागायचा.

मशीन बंद व्हायच्या आदल्या दिवशी नव्या साहेबानं नव्या कॉम्प्युटरसाठी यादी काढली. कामगारांची फाइल, खात्यांची फाइल, दोघांची जोड, आणि टाकलं एक. यादीत नाव असेल त्यालाच सोमवारपासून गेटपास.

"कुणीतरी सुटलंय," आत्या जेवताना म्हणाली.

"साहेब शिकून आलाय, आत्या. तुझं आपलं उगीच."

"पैज?"

"पैज! जिंकले तर तुझी खिडकीजवळची खुर्ची माझी."

"आणि हरलीस तर वर्षभर माझी नक्कल बंद, पोपटराव."

दुसऱ्या दिवशी साहेब घड्याळ दाखवत होता आणि आत्या प्लग सोडत नव्हती. "एक रिपोर्ट. मग खुशाल बंद करा." तिनं तीन टाकलं. प्रिंटर करकरला आणि एकच ओळ उमटली: लिफ्टवाले काका. लिफ्टखातं कागदोपत्री कधीच बंद झालं होतं. लिफ्ट मात्र चालू होती, आणि काकाही. खातंच नाही, म्हणून जोडीत काका नाहीत. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस सोमवारी गेटवरूनच परत गेला असता.

साहेबानं गुपचूप ते नाव यादीत घातलं. काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, सोळा वर्षं लोकांना वर-खाली करतोय, आणि कागदावर मीच मधे लटकलो होय!"

मग आत्यानं स्वतःच्या हातानं प्लग काढला.

घरी येऊन तिनं तो कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. एक नाव, बाकी सगळा कोरा. मग ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. स्वेटर अजून अंगातच होता.

"ऐकव गं एकदा तुझं ते," बाबा मला हळूच म्हणाले. "तेवढीच ती हसेल."

'तीन' माझ्या ओठांवर आलं होतं. आत्यानं नुसतं एक बोट वर केलं: एक वर्ष.